टक्क वाजला की चाकू चांगला? खिशातल्या चाकूची घडण कशी पारखायची

कवठीचाफा | रविवार, सकाळी ९:१२

आजोबांच्या बंडीच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी एक चाकू असायचा. दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा, मोठ्या पात्याच्या बुडाशी एक चांदणी आणि एक क्रूस उमटवलेला. पेरू, सुतळी, पायाची नखं आणि माझ्या पेन्सिली, सगळं त्याच पात्यावर. कुठल्या क्रमाने, ते आजी कुणाला विचारू द्यायची नाही. तो चाकू आता माझ्याकडे आहे, आणि त्याच्यापायी लागलेला नादही.

गेली नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. इथे हा नाद टाळायचा म्हटला तरी टळत नाही. ब्रॅडफर्डला 'केस' नावाच्या चाकू कंपनीचा कारखाना, टायटसव्हिलला ग्रेट ईस्टर्न कटलरी. शनिवारच्या जुन्या बाजारात दर तिसऱ्या टेबलावर बिस्किटाच्या डब्यात पंचवीस-तीस चाकू गुंतून पडलेले असतात.

आधीच स्पष्ट करतो. बटण दाबलं की सटकन उघडणारे, लॉकवाले, काळ्या रंगाचे चाकू हा इथला विषय नाही. मी म्हणतोय तो आजोबांच्या पिढीचा चाकू. नखाच्या खाचेत नख घालून उघडायचा. लॉक नाही. पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग. ती पात्याच्या बुडावर दाब देते आणि तेवढ्या दाबावर पातं उघडं राहतं. उलटा जोर दिलात तर मिटणार, आणि बोटावर मिटणार. तो दोष नव्हे, त्याची जातच ती.

आता तक्रार. दोन महिन्यांपूर्वी एक नवा कोरा चाकू घेतला. महाग. बनवणाऱ्याचं नाव सांगत नाही, विचारूही नका. खोदकाम केलेल्या हाडाची मूठ, आरशासारखं बफिंग, आणि मिटताना असा खणखणीत टक्क आवाज की बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, काय मोडलं? मी खूश. दोन आठवड्यांत लक्षात आलं की धारेच्या मध्यावर, गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत पातं बोथट होतंय. धार लावली, चार दिवसांनी पुन्हा तिथेच. उजेडात तिरकं धरलं तर धारेवर बारीक चकाकणारा ठिपका दिसतो. पातं मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटतेय. ज्या टक्कवर मी भाळलो होतो, तोच धार खात होता.

तेव्हापासून दुकानात पुढचं बघतो. पाठीवरून अंगठा फिरवायचा: पूर्ण उघडा, अर्धा उघडा, मिटलेला, तिन्ही वेळा स्प्रिंग पाठीशी सपाट हवी. मग खिडकीकडे धरून स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्यामधून उजेड येतो का ते पाहायचं. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवायचं. मिटल्यावर ते खोबणीच्या मध्यभागी बसतं का बघायचं. आणि अर्ध्यावर थांबा (पातं अर्धं उघडलं की क्षणभर अडतं तो) हवाच, त्याशिवाय चाकू घडवलेला नाही असं माझं मत.

तुम्ही काय बघता?

---

मुचकुंद | रविवार, सकाळी ९:४०

वाचतोय. आणि खिडकीसुद्धा उघडली.

---

टूलरूमवाला | रविवार, सकाळी ११:०५

चाकूतला शौकीन नाही, पण भोसरीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. तुमच्या वर्णनावरून हा एक सांधा आहे, आणि सांध्याचं गणित सगळीकडे सारखं.

पात्याच्या बुडाला चौकोनाच्या तीन बाजू आहेत असं समजा. उघडा, अर्धा, मिटलेला, या तीन अवस्थांत त्यातली एकेक बाजू स्प्रिंगच्या टोकावर बसते. पिनेच्या भोकाच्या मध्यापासून या तिन्ही बाजूंचं अंतर एकच पाहिजे. एक बाजू कानशीने जरा जास्त खाल्ली की त्या अवस्थेत स्प्रिंग आत बसणार, कमी खाल्ली की वर येणार. म्हणून तुमचा अंगठा फिरवणं बरोबर आहे, पण अंगठ्याऐवजी नख फिरवा. आडवं. मिलिमीटरच्या शंभरातल्या दोन-चार भागांची पायरीसुद्धा नखाला अडते, डोळ्याला दिसत नाही. आमच्याकडे नवीन पोराला आधी नखाने बघायला लावायचे, मग डायल गेज हातात द्यायचे.

एक मात्र आहे. तिन्हीकडे सपाट असणं ही हौस झाली. पातं उघडं असताना स्प्रिंग सपाट आणि घट्ट बसलेली असणं ही गरज. किंचित आत-बाहेर झालं तर तो चाकू वाईट नाही, घासणाऱ्याला दुपारी झोप आली होती एवढंच.

फटीचंही तसंच. फट दोन प्रकारची. टोकाकडे किंवा मध्ये केसाएवढी असली तर घाण अडकेल, बाकी काही नाही. पण पात्याच्या पिनेजवळ फट असेल तर रिव्हेट नीट ठोकलेलं नाही. ती वाढत जाते.

आवाजाबद्दल: आवाज येतो स्प्रिंगच्या जोराने, बुडाच्या कोपऱ्याने आणि आतल्या पोकळीने. कोपरा तीक्ष्ण ठेवला की पातं एकदम पडतं आणि टक्क वाजतं. गोल केला की सरकत बसतं आणि कमी वाजतं. आवाजावरून स्प्रिंगमध्ये जीव आहे एवढं कळतं. धार कुठे थांबते हे आवाज कसं सांगणार?

धार कुठे थांबावी हे ठरवायला बुडाच्या पुढच्या अंगाला एक उंचवटा असतो. तो आधी स्प्रिंगला टेकतो आणि धार अधांतरी राहते. तुमच्या चाकूत त्याचं काय झालंय?

---

आळशी_मांजर | रविवार, दुपारी १२:३०

वीस रुपयांची लाल मुठीची सुरी. मंडईत मिळते. पारख करायची पद्धत: टोमॅटो कापतो का? कापतो. घेतली.

---

आंबोळी | रविवार, दुपारी १:१५

मांजर, तुझी सुरी खिशात ठेवून एसटीत बसून दाखव.

माझा अनुभव जरा वेगळ्या चाकूचा. भाऊ फ्रान्समध्ये ग्रनोबलला शिकायला होता, त्याने ओपिनेल आणला. ८ नंबरचा, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा, बीच लाकडाच्या गोल मुठीचा. याला पाठीत स्प्रिंगच नसते. लाकडाला खाच पाडून त्यात पातं, एक पिन, आणि तोंडाशी फिरणारी कडी. कडी फिरवून अडकवली नाही तर पातं धरून ठेवतं ते फक्त लाकडाचं घर्षण. १८९०पासून सवॉयमधल्या शेतकऱ्यांसाठी बनतोय, कडी मात्र १९५५ची.

मे महिन्यात लोण्यासारखा उघडायचा. आम्ही देवरुखला राहतो. जूनची पंधरा तारीख उलटली आणि मेला उघडेना. नख तुटलं, पक्कड झाली, भाऊ फोनवर म्हणे तू खराब केलास. लाकूड फुगून पातं दोन्ही बाजूंनी आवळलं होतं, आमच्या माजघराच्या दाराचं होतं तसंच. मग त्यानेच तिथली युक्ती सांगितली: कडी सैल करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं. पातं आपोआप खाचेतून वर डोकावतं. ठोकला, आला वर.

डिसेंबरात तोच चाकू इतका सैल झाला की हलवला तर डुलायचा. आता चांगला कधी होता म्हणायचं, मेमध्ये की जुलैत?

नंतर सांध्यात खोबरेल घातलं, ते थंडीत गोठून चिकट झालं आणि वर खवट वास. शेवटी शिवणयंत्राचं तेल. लाकडाला बाहेरून दोनदा जवसाचं तेल चोळून नीट वाळवलं, तेव्हापासून पावसातही नखाने उघडतो. जोर लावून.

---

कवठीचाफा | रविवार, संध्याकाळी ६:४८

टूलरूमवाले काका, हे बुडाचं गणित नऊ वर्षांत मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. नखाने तपासलं. नव्या चाकूत अर्ध्यावर पायरी लागते. आजोबांच्यात उघडताना सपाट, मिटल्यावर जरा आत.

आजोबांच्या चाकूचं दुखणं वेगळं. मोठं पातं डावी-उजवीकडे हलतं, टोकाशी मिलिमीटरभर तरी. धार मात्र अजून छान धरतो. मग तो वाईट घडणीचा, की वापरून दमलेला?

आंबोळी, माजघराच्या दारावर फुटलो.

---

टूलरूमवाला | रविवार, रात्री ९:२०

दमलेला. आडवा खेळ झिजेने येतो, पात्याच्या दोन्ही बाजू पितळ्यावर घासून. उभा खेळ, म्हणजे पातं पाठीच्या दिशेला वर-खाली हलतं, तो असेल तर स्प्रिंग किंवा पिन गेली. पाठ हातात, धार वर करून पात्याला फडक्याने धरा आणि हलवा. उभा खेळ नसेल तर नातवाच्या पोरालाही पुरेल.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. उंचवटा कसा आहे?

---

डॉनकाठी | रविवार, रात्री ११:५५

इंग्लंडातल्या शेफील्डहून. चांदणी आणि क्रूस म्हणजे जोसेफ रॉजर्स ही इथली चाकू कंपनी, चाफा. तो शिक्का १६८२चा. इथे शिक्का म्हणजे गंमत नव्हती, चाकू बनवणाऱ्यांची संघटना, कटलर्स कंपनी, १६२४पासून ते नोंदवायची.

आता भांडण. अर्ध्यावर थांबा हवाच, हे कुणी सांगितलं? थांबा चौकोनी बुडामुळे येतो. बूड गोल ठेवलं तर पातं एका ओघात उघडतं, कुठेही न अडखळता. शेफील्डच्या कितीतरी उत्तम जुन्या चाकूंना थांबा नाही, आणि तो मुद्दाम नाही. काही वर्षांपूर्वी केल्हम आयलंडच्या संग्रहालयात स्टॅन शॉ यांना काम करताना पाहिलं होतं. इथल्या एकेकट्या कारागिरांना 'लिटल मेस्टर' म्हणतात, त्यांच्यातले शेवटच्या पिढीतले. २०२१मध्ये गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन. छोटी हातोडी, समोर लोखंडाची ठोकळी, आणि दर चार ठोक्यांनंतर पातं उघडून-मिटून कानाशी. ठोकायचं, उघडायचं, ऐकायचं. इथे चाकूच्या 'चालण्या-बोलण्या'बद्दल विचारतात. चाल म्हणजे पातं कसं फिरतं, बोली म्हणजे काय वाजतं. काकांचा मुद्दा मान्य, पण बोली ऐकायची ती चालीबरोबर. नुसती बोली ऐकली तर चाफ्यासारखं होतं.

जोराबद्दलही थोडं. संग्राहक खाचेतल्या नखाला किती जोर लागतो त्याला एक ते दहा गुण देतात. आठच्या वर गेला की नख जातं. आजीच्या हाताला चार बरा, आणि रोज पेरू कापायचा असेल तर सहा म्हणजे पुष्कळ. घट्ट म्हणजे भक्कम, ही समजूत चुकीची आहे.

आणि एक धोका कुणी लिहिला नाही. जुन्या बाजारात कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या, पिवळट-तपकिरी पारदर्शक मुठीचे चाकू मिळतात. ते सेल्युलॉइड. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते. माझ्याकडे दोन सारखे चाकू एका डब्यात होते. सेल्युलॉइडच्या चाकूची पाती तर गंजलीच, पण शेजारच्या हाडाच्या मुठीच्या चाकूचीही सेल्युलॉइडकडे तोंड असलेली बाजू तेवढी खरबरीत झाली. दुसरी बाजू स्वच्छ! मूठ आकसलीय, पिनेभोवती बारीक तडे आहेत, वास झणझणीत येतो, अशी असेल तर घेऊ नका. घेतलीत तर बाकीच्यांपासून दूर ठेवा.

---

मुचकुंद | सोमवार, सकाळी ७:३०

डॉनकाठी, असा चाकू खिशात घेऊन तिथे फिरता येतं का? गेल्या वर्षी आमच्या किल्लीच्या जुडग्यातला चिमुकला चाकू विमानतळावर ट्रेमध्ये राहिला तो राहिलाच.

---

डॉनकाठी | सोमवार, दुपारी १:०५

लॉक नसलेला, मिटणारा, आणि धार तीन इंचांपर्यंत, असा असेल तर इथे खिशात चालतो. आंबोळीचा ओपिनेल मात्र नाही, कडीमुळे तो लॉकवाला ठरतो आणि पातंही लांब आहे. केबिन बॅगेत कुठलाच चाकू नको, मिटणारा असो वा नसो.

---

आळशी_मांजर | सोमवार, दुपारी १:१०

आणि रामपुरी?

---

तिठा | सोमवार, दुपारी ३:४४

मांजरा, रामपुरी वेगळ्या घराण्यातला. त्याला लॉक असतं आणि उघडताना खाच्यांवरून कर्र-कर्र जातो, त्या आवाजानेच निम्मं काम व्हायचं. पारखायचा झाला तर लॉकचे खाचे पाहा, पत्र्याच्या जाडीइतके पातळ असतील तर खिळ्याला टांगायला ठीक. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलं की आपल्याकडे शस्त्र परवान्याचा प्रश्न येतो, घरकाम-शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. रामपूरच्या चौकात आता एक प्रचंड मोठा चाकू उभा केलाय, त्याचा परवाना कुणाच्या नावावर ते माहीत नाही.

मुख्य मुद्द्यावर येतो. चाफा यांचा 'पातं मध्यभागी हवं' हा नियम एकपाती चाकूला लागू. तीन पात्यांच्या स्टॉकमनला लावाल तर सगळेच नापास होतील. तिथे दोन स्प्रिंगांवर तीन पाती बसवतात. ती एकमेकांना घासू नयेत म्हणून कारागीर पातं बुडापाशी मुद्दाम जरासं वाकवतो. वरून पाहिलं तर दात वेडेवाकडे आलेल्या पोरासारखं दिसतं. पण हळूच एकेक मिटा, एकाही पात्याला दुसऱ्याचा ओरखडा नाही, हे खरं कौशल्य. मी नेमकं तेच बघतो: पात्यांच्या बाजूंवर घासल्याच्या रेषा आहेत का. मधोमध बसलेलं पण रेघोट्या पडलेलं पातं मला नको.

केसचे चाकू बघत असाल तर बुडावरचे अंक वाचायला शिका. ६३१८ असेल तर ६ म्हणजे खोदकाम केलेलं हाड, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा साचा. बुडावर ठिपकेही असतात. १९७०मध्ये दहा होते, पुढे दर वर्षी एक कमी. विकणारा म्हणतो 'फार जुना आहे' तेव्हा ठिपके मोजायचे आणि गप्प बसायचं. पण हे वयाचं झालं, घडणीचं नव्हे. लोक दोन्ही एकच समजतात. जुन्यातही भंगार भरपूर बनायचं, ते मोडून गेलं म्हणून दिसत नाही एवढंच.

---

आंबोळी | सोमवार, रात्री ८:०२

तिठा, शेवटचं वाक्य आमच्या अडकित्त्यांना तंतोतंत. आजेसासूबाई अडकित्ता घेताना तो उघडून उजेडाकडे धरायच्या, मग हलकेच मिटून दोन्ही पाती एकमेकांवरून घसरतात की एकमेकांवर चढतात ते बघायच्या. सुपारी नंतर. चाकूवाल्यांनी तेच नव्याने शोधलंय.

मला एक विचारायचंय. साधं पोलाद घ्यावं की स्टेनलेस? आमच्या हवेत साधं पोलाद म्हणजे रात्री पुसायला विसरलं की सकाळी तांबडं.

---

टूलरूमवाला | सोमवार, रात्री ९:३१

अमेरिकेतले बरेच पारंपरिक चाकू १०९५ नावाच्या पोलादाचे असतात. कार्बन एक टक्क्याच्या आतबाहेर, बाकी जवळजवळ लोखंडच. धार चटकन लागते, नीट पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कठीण केलेलं) असेल तर टिकतेही. गंजतं. पण गंज आणि काळेपणा यात फरक करा. विळीवर कैरी चिरली की पातं निळं-काळं पडतं, ते काही आपण घासून काढत नाही. तो थर बसला की तांबडा गंज कमी धरतो. नवा चाकू आणला की दोन कैऱ्या चिरा, धुवा, कोरडा पुसा. तांबडं दिसलं तर मात्र लगेच तेल.

पाणी कसं दिलंय हे दुकानात कळणं कठीण. दुसरी एक गोष्ट मात्र बघता येते. धारेच्या मागे पातं किती जाड ठेवलंय ते बघा. सफरचंद कापलं आणि सुरुवातीला कापून पुढे फटकन दुभंगलं, तर पातं पाचरीसारखं जाड आहे. पोलाद कितीही भारी असलं तरी असा चाकू कापत नाही, फोडतो. बनवणाऱ्याला पातळ घासायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि जाड ठेवलं तर धार मोडल्याची तक्रार येत नाही. म्हणून जाड ठेवतात.

बोल्स्टरचा, म्हणजे मुठीच्या टोकाच्या टोपणाचा, पांढरा धातू चांदीचा नाही हे सांगायला नको. आपल्याकडे पूजेच्या भांड्यांचं जर्मन सिल्व्हर तेच: तांबं, निकेल, जस्त.

सांधा खरखरतोय म्हणून नवा चाकू परत करू नका. बफिंगचा मसाला आत राहतो. तेल घालून वीस वेळा उघड-मीट करा, काळं पाणी निघेल, पुसा, पुन्हा. तीन वेळा केल्यावरही खरखरला तर मग बोला.

चाफा, तिसऱ्यांदा विचारतो.

---

डॉनकाठी | सोमवार, रात्री ११:१०

चाफा, आजोबांच्या चाकूची मूठ कुठल्या शिंगाची? म्हशीचं काळं गुळगुळीत शिंग असेल तर पिनेपाशी तडे आणि कसर बघ, किडे ते चवीने खातात. खडबडीत, खाचा असलेलं, आत फिकट असेल तर सांबर. एके काळी शेफील्डला ते हिंदुस्थानातूनच यायचं. म्हणजे शिंग तिकडून इकडे आलं, चाकू होऊन परत गेलं. सांबर असेल तर तो चाकू भारतात नेताना-विकताना विचार कर, १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो येतो.

---

कवठीचाफा | मंगळवार, सकाळी ८:२७

काळं आहे, गुळगुळीत. म्हैस. पिनेपाशी एक तडा आहे, आजोबांनी त्यात लाख भरलेली दिसतेय.

काका, बरं. सांगतो. नवा चाकू आला तेव्हा मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या वर केसभर राहायचं. खिशात हात घातला की टोचायचं. ही चूक बनवणाऱ्याची, यावर मी ठाम आहे. परत पाठवायचा सोडून मी कुठेतरी वाचलं की तो उंचवटा कानशीने जरा खाल्ला की टोक आत जातं. तर दोन हात मारले. म्हणजे चारेक. टोक आत गेलं. छान झालं असं वाटलं. धारेचं दुखणं त्यानंतर आठवड्याने सुरू झालं. या दोन गोष्टींचा संबंध तुमचा पहिला प्रतिसाद वाचेपर्यंत माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि वाचल्यावर लिहायची लाज वाटली.

---

आळशी_मांजर | मंगळवार, सकाळी ८:२९

लाल सुरीला उंचवटा नसतो.

---

टूलरूमवाला | मंगळवार, सकाळी १०:१५

वाटलंच होतं. लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडे लोकांनी डाय घासून घासून वाया घालवल्या आहेत. टोक आत गेलं, तशी धारही स्प्रिंगजवळ आली. खाल्लेलं पोलाद परत येत नाही. दुसरीही एक गोष्ट आहे. हळू मिटलात तर कदाचित आजही लागणार नाही. पातं जोरात पडतं तेव्हा उंचवटा टेकल्यावरही स्प्रिंग क्षणभर दबते आणि धार तेवढ्यात जाऊन चाटून येते.

आधी खात्री करा. पातळ कागदाची पट्टी खोबणीत स्प्रिंगवर अंथरा, पातं नेहमीसारखं पडू द्या, पट्टी काढून उजेडात बघा. कापली किंवा चीर पडली तर लागतंय. हीच परीक्षा आजोबांच्यावरही करा.

उपाय: उंचवटा जिथे टेकतो, तेवढ्याच जागी स्प्रिंगवर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवा. पोस्टकार्डाच्या जाडीपासून सुरुवात करा. टोक पुन्हा केसभर वर येईल, ते टोकाच्या पाठीकडून घासून खाली आणा, उंचवट्याला हात लावू नका. चामडं ओलं राहिलं तर स्प्रिंग गंजेल, म्हणून तेलात बुडवून पिळून बसवा. चिकटणार नाही तर नुसतं दाबून बसवलं तरी राहतं.

---

तिठा | मंगळवार, दुपारी १२:००

आणि मिटताना शेवटच्या अर्ध्या इंचात पातं बोटांनी धरून बसवायची सवय लावा. सगळे जुने लोक तसंच मिटतात. टक्क करणारे आपण.

---

कवठीचाफा | त्यापुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री १०:३३

अहवाल.

कागदाची परीक्षा केली. नव्या चाकूने पट्टीच्या मधोमध बारीक स्वच्छ चीर पाडली, ब्लेडने मारावी तशी. आजोबांच्यात तीनदा केली, तिन्ही वेळा कागदावर नुसती घडी. मोठं पातं हलतंय, मुठीला लाख, स्प्रिंग मिटल्यावर आत, आणि धार ऐंशी वर्षांनीही स्प्रिंगपासून लांब. फडक्याने धरून उभा खेळ पाहिला. नाही.

मग जुन्या घड्याळाच्या पट्ट्याचा आतला अस्तराचा थर काढला, नखाएवढा तुकडा, तेलात बुडवून खोबणीत चिमट्याने बसवायला पाऊण तास. दोनदा चिमट्यासकट उडाला, एकदा बायकोच्या चहात. टोकाची पाठ धारेच्या दगडावर घासली, आता टोचत नाही. धार नव्याने लावली.

कागद अख्खा निघाला. आज आठवडा होत आला, ठिपका परत आलेला नाही.

फक्त मिटताना आता टक्क वाजत नाही. थप्प वाजतं.